सकाळचं कॉलेज

१९८० च्या जूनमध्ये मामाने माझ्या थोरल्या भावाला गिरणीत चिकटवलं. दादा दहावीला दोन विषयांत राहिला होता. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं की नाही यावर घरात दोन रात्री बोलणं चाललं. तिसऱ्या दिवशी मामा आला. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, आपल्या गावाकडचा आहे, बदली कामगार म्हणून घेतो म्हणतोय, आता नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाचा पोरगा लागेल, असं त्याने सांगितलं आणि विषय मिटला. दादाने ऑक्टोबरचा फॉर्म भरला नाही. सोमवारपासून तो बाबांबरोबर पहिल्या पाळीला निघाला.

माझ्याबद्दल असं बोलणं कधी झालं नाही, कारण मला चिकटवायला कुठे जागाच नव्हती. आजीच्या वयाच्या बायका कांडीखात्यात होत्या, पण माझ्या वेळेपर्यंत गिरण्यांत बायकांची भरती जवळजवळ थांबली होती. मुलगी आहे, शिकतेय तर शिकू दे, लग्नाला अजून वेळ आहे, एवढ्यावर माझं शिक्षण चालू राहिलं. पुढे मी एका कॉलेजच्या कार्यालयात छत्तीस वर्षं नोकरी केली आणि २०२४ मध्ये निवृत्त झाले. दादाची आणि माझी वाट कुठे वेगळी झाली हे शोधायला गेले की दर वेळी मी त्या जूनपाशी येऊन थांबते.

आम्ही नायगावच्या बी.डी.डी. चाळीतले. या चाळी १९२० च्या दशकात तेव्हाच्या मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, त्यांतल्या ४२ नायगावात. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. आमच्या खोलीत आम्ही सात माणसं होतो. गावाहून कुणी आलं की नऊ. बाबा रातपाळीला असले की दिवसा झोपायचे, त्यामुळे आम्हा भावंडांचा अभ्यास बाहेर लांब गॅलरीत चालायचा, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून. परीक्षेच्या दिवसांत गॅलरीतल्या दिव्याखालची जागा आधी धरावी लागे.

आमच्या कितीतरी आधी, नायगावजवळच्याच परळच्या टापूत, डबक चाळीतल्या एका खोलीत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा शिकत होता. खोली लहान, माणसं जास्त. म्हणून वडील, सुभेदार रामजी, त्याला आधी झोपवत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवत. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकण्यासाठी सयाजीराव गायकवाडांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली, १९१३ साली तो मुलगा कोलंबिया विद्यापीठात गेला. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण मला त्यातला रात्रीचा दोनचा ठोका फार महत्त्वाचा वाटतो. बुद्धी होती, वडिलांची जिद्द होती, शिष्यवृत्ती मिळाली, आणि या सगळ्यांच्या जोडीला दिवसातली एक मोकळी वेळ कुणीतरी शोधून काढली. कष्टकऱ्यांच्या घरात पैशांइतकीच वेळेची चणचण असते. हे ज्याने स्वतः सोसलं त्याने कॉलेज काढलं तेव्हा वेळेचा विचार आधी केला. त्या कॉलेजकडे मी येणारच आहे, आधी संपाचं सांगते.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमच्या घरातले दोन पगार एकाच दिवशी थांबले. माझी दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. पहिले दोन महिने सगळ्यांना वाटत होतं की होळीपर्यंत मिटेल. मग पावसाळ्यापर्यंत मिटेल असं वाटू लागलं. आईने एका खानावळवाल्या मावशींकडे शेकड्यावर पोळ्या लाटायला घेतल्या. दादा मंडईत हमालीला जाऊ लागला. बाबा रोज गेटवर जाऊन यायचे आणि खिडकीपाशी बसून राहायचे. जून उजाडला, मी ६८ टक्क्यांनी पास झाले आणि अकरावी कॉमर्सला प्रवेश मिळाला.

ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची फी सवलत, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झाली. महाराष्ट्रात गरिबाघरची जी पहिली पिढी कॉलेजची पायरी चढली, तिच्यातल्या कितीतरी जणांच्या प्रवेशपत्रावर ही तीन अक्षरं आहेत. मीही फॉर्म घेतला. त्यात वडिलांच्या उत्पन्नाचा पुरावा हवा होता. कारकुनाने पगाराची पावती मागितली. मी सांगितलं, संप आहे, पगार नाही. तो म्हणाला, मग गिरणीतून तसं लिहून आण. गिरणीच्या गेटला कुलूप होतं. दुसऱ्या खेपेलाही हेच झालं. खिडकीच्या अलीकडे मी, हातात घडी पडून पडून फाटायला आलेला कागद, आणि पाठीमागे रांग. फीची शेवटची तारीख शुक्रवार होती.

गुरुवारी खिडकीवर दुसरे कारकून होते, वयस्कर, धोतर-टोपीतले. त्यांनी फॉर्म बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाळ, कुठली चाळ?" मग एका कोऱ्या कागदावर त्यांनी स्वतः मजकूर लिहून दिला: अमुक तारखेपासून संपामुळे वेतन नाही, कुटुंबात इतकी माणसं, हे मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो. म्हणाले, "हे स्टॅम्पपेपरवर टाईप करून घे, वडिलांची सही आण, उद्या चारच्या आत ये." शुक्रवारी मी साडेतीनला पोचले. फी माफ झाली. हे सगळं मिळून दहा मिनिटांचं काम होतं. ती दहा मिनिटं त्या माणसाने दिली नसती तर मी आईबरोबर पोळ्या लाटायला बसले असते. तशी बसलेली माझ्या वर्गातली दुसरी मुलगी मला माहीत आहे.

बारावीनंतर घराला माझ्या पगाराची गरज होती. दादरला टायपिंगच्या क्लासला जाऊन मी चाळीस शब्दांची परीक्षा दिली होती, तिच्यावर फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच. आता बी.कॉम. कुठून करायचं? रुइया, पोदार, खालसा ही कॉलेजं घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण त्यांचे तास माझ्या कामाच्या वेळेत. तेव्हा ऑफिसातल्या एका शिपाईमामांनी सिद्धार्थ कॉलेजचं नाव सांगितलं. ते स्वतः तिथून बी.ए. झाले होते, नोकरी करता करता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. सुरुवात लष्करी बराकींमध्ये झाली, पुढे फोर्टमध्ये आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारतींत ते आलं. या कॉलेजने नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरवले. आज ही बाब साधी वाटेल. पण त्याआधी कॉलेज म्हणजे ज्याला दिवसभर कमवायची गरज नाही अशा मुलासाठीची जागा होती. टपाल खात्यातला कारकून, रेल्वेतला खलाशी, गोदीतला टॅलीवाला, मास्तर, शिपाई अशा लोकांना सकाळी शिकून दहाला कामावर हजर होता येऊ लागलं. घड्याळाचे काटे तीन-चार तास मागे सरकवल्याने कितीतरी घरांतला पहिला पदवीधर तयार झाला. कॉलेजची दारं जातीपातीचा भेद न करता सगळ्यांना उघडी होती. मीही तिथेच नाव घातलं. माझ्या वर्गात माझगावचा मुसलमान गोदी कामगार होता, कोळीवाड्यातली मासळीवाल्या बाईची मुलगी होती, आणि चाळिशीतले एक पोलीस हवालदार होते, जे कधी कधी रात्रीची ड्युटी संपवून खाकीतच बाकावर येऊन बसत.

माझा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. नळाला पाणी यायच्या आत सामाईक मोरीत नंबर लावायचा, दोन हंडे भरायचे, दादर स्टेशनपर्यंत चालायचं, सहाच्या आसपासची व्ही.टी. लोकल. त्या वेळी डब्यात मासळीच्या टोपल्या, दुधाच्या किटल्या आणि आमच्यासारखी वह्या छातीशी धरून डुलक्या घेणारी माणसं. व्ही.टी.ला उतरून डी. एन. रोडने चालत कॉलेज. तास संपले की धावत ऑफिस, जेवणाच्या सुट्टीत टाचणं उतरवून घ्यायची.

पहिलं वर्ष इंग्रजीने घेतलं. मी मराठी माध्यमातली. हिशेबशास्त्र मला चांगलं येत होतं, पण मराठीत. 'नावे' आणि 'जमा' म्हणत वाढलेल्या मुलीला सर डेबिट-क्रेडिट म्हणाले की आधी मनात उलथापालथ करावी लागे, तोवर सर पुढच्या नोंदीवर गेलेले असत. मग मी दोनशे पानी वहीचं प्रत्येक पान मधोमध रेघ मारून दोन भागांत केलं. डावीकडे धनको, ऋणको, घसारा, तेरीज, ताळेबंद. उजवीकडे क्रेडिटर, डेटर, डेप्रिसिएशन, ट्रायल बॅलन्स, बॅलन्सशीट. लोकलमध्ये डावी बाजू हाताने झाकायची आणि उजवीवरून ओळखायची. दिवाळीपर्यंत वही निम्मी भरली. पुढे ती वही खालच्या वर्गातल्या मुलींकडे गेली, तिथून आणखी कुणाकडे, आणि परत आली तेव्हा तिच्यात चार वेगवेगळ्या अक्षरांतले शब्द वाढलेले होते. ती अजून माझ्याकडे आहे. मराठी माध्यमातून आलेलं पोर कॉलेजात गप्प का बसतं, याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात शोधावं लागलं नाही. त्याला विषय कळतो. विषयाचं नवं नाव कळेपर्यंत तास संपलेला असतो. पहिल्या सहा महिन्यांत कॉलेजने या मुलांसाठी आठवड्याला दोन तास दिले, तर अर्धी केटी, म्हणजे विषय राहणं, तिथेच टळेल असं माझं ठाम मत आहे.

रविवारी मी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायचे. १८९८ साली स्थापन झालेली ही संस्था, तिचा संदर्भ विभाग आमच्या नायगावातच, शारदा टॉकीजजवळ. तिथे पंखा होता, टेबल होतं आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. १६० चौरस फुटांत सात माणसांबरोबर राहिलेल्यालाच या तीन गोष्टींची किंमत कळेल.

१९८७ ला मी बी.कॉम. झाले. १९८८ मध्ये एका अनुदानित कॉलेजात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले. अर्जात शिक्षणाचा रकाना होता आणि त्यात मला पदवी लिहिता आली. त्या काळी बँका, विमा, विमान कंपन्या यांतल्या जागांचे फॉर्म स्थानीय लोकाधिकार समितीच्या पोरांकडून चाळीचाळीत यायचे. म्हणजे ओळखपाळख तिथेही लागे, गिरणीत मामा लागायचा तशी. फरक एवढाच की मामाच्या ओळखीला दहावी नापासही चालायचा आणि या फॉर्मला पदवी किंवा निदान बारावी लागायची. दादाच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं. संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, गिरण्या हळूहळू बंद पडत गेल्या आणि बदलीवाल्याला तर कुणी परत बोलावलंच नाही. पुढे दादाने परळच्या रात्रशाळेतून दहावी पूर्ण केली आणि एका कचेरीत शिपाई म्हणून लागला. परळ-लालबागमध्ये रात्रशाळांची परंपरा जुनी आहे. ना. म. जोशींनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणी कामगारांसाठी त्या चालवल्या. रात्रशाळा नसती तर दादाला शिपायाची नोकरीही मिळाली नसती.

बऱ्याच वर्षांनी आमच्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या मॅडमनी मला एका निबंधाची झेरॉक्स दिली. म्हणाल्या, "तुमच्या दादरचं आहे, वाचा." कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधल्या शाळांत शिकलेल्या मुलांच्या सुमारे ४,९०० कुटुंबांची पाहणी करून तो लिहिला होता, २००६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या नियतकालिकात तो छापून आला. शब्दकोश घेऊन मी तो आठवडाभर वाचला. त्यात सांगितलं होतं ते असं. कष्टकरी जातींमध्ये पुरुषांचं एक जाळं होतं, काका-मामा-गाववाल्यांचं, जे मुलाला ठरावीक कामात लावून देत असे. म्हणून ही कुटुंबं मुलांना मराठी शाळेत आणि तिथून त्याच जुन्या कामांकडे पाठवत राहिली. नव्वदच्या दशकात नव्या प्रकारच्या नोकऱ्यांचे पगार वाढले, तरीही मुलगे त्या जाळ्यातच राहिले. मुलींना त्या जाळ्यात कधी जागाच नव्हती. त्यामुळे त्या इंग्रजी शाळांकडे आणि नव्या नोकऱ्यांकडे जास्त वेगाने वळल्या.

आम्ही दोघंही मराठी शाळेतले, त्यामुळे त्यांच्या हिशेबात तंतोतंत बसत नाही. पण कारण तेच होतं. दादाला आधार होता म्हणून तो अडकला. मला कुणाचा आधार नव्हता म्हणून मी पुढे शिकले. झेरॉक्स वाचून झाल्यावर मी तिचा सारांश दादाला सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामाने चांगल्यासाठीच केलं होतं गं." ते खरंच होतं. १९८० मध्ये नायगावातला कुठलाही शहाणा माणूस तेच करता.

आता खिडकीच्या पलीकडे बसून जे पाहिलं ते सांगते. छत्तीस वर्षांत हजारो मुलांचे कागद माझ्या हातांखालून गेले. त्यांत अभ्यास झेपत नाही म्हणून कॉलेज सोडणारी मुलं थोडी होती. बाकीची बारीकसारीक ठिकाणी गळली. उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा लागतो. त्यासाठी वडिलांना नाहीतर आईला एक खाडा करावा लागतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा एक खाडा म्हणजे चार घरची बोलणी. महाडीबीटीच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा तर आधार बँक खात्याला जोडलेलं हवं, मोबाइल नंबर तोच हवा, आणि त्या घरात मोबाइल नंबर दर वर्षी बदललेला असतो. आडनावात एक वेलांटी चुकली की फॉर्म त्रुटीत परत येतो. परत आल्याचं मुलाला कळतच नाही, कळतं तेव्हा मुदत गेलेली असते. जात वैधता प्रमाणपत्राची कथा तर वेगळीच, आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला कोकणात किंवा देशावर जावं लागतं.

सवलती आहेत, हे मी जोर देऊन सांगते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, आधी ते निम्मं होतं. बहुतेक कॉलेजांत गरजू विद्यार्थ्यांसाठी मदत निधी असतो, बुक बँक असते. सूचनाफलकावर त्याची नोटीस लागते, एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात, इंग्रजीत. ज्याला त्याची गरज आहे तो मुलगा फलकापुढे उभा राहून वाचायला आधी घाबरतो.

आणखी एक गोष्ट पालकांना कुणी समजावत नाही. एकाच कॉलेजच्या एकाच इमारतीत दोन दारं असतात. साधं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अनुदानित, फी आवाक्यातली. त्याच मजल्यावर चालणारे बी.एम.एस., अकाउंटिंग-फायनान्ससारखे अभ्यासक्रम विनाअनुदानित, फी कित्येक पट. नाव भारी वाटतं म्हणून बाप सोसायटीतून कर्ज काढून मुलाला दुसऱ्या दारातून आत घालतो आणि दुसऱ्या वर्षाच्या फीला अडतो. मी खिडकीवर बसून कितीतरी बापांना सांगितलं की साधं बी.कॉम. करू दे, उरलेल्या पैशात टॅली आणि इंग्रजीचा क्लास लावा. काहींनी ऐकलं, काहींना वाटलं की ही बाई आपल्या मुलाला कमी लेखते.

२०१७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. आई-वडिलांचं उत्पन्न काय होतं आणि मूल मोठेपणी किती कमावू लागलं, हे कॉलेजवार मांडलं. नामांकित कॉलेजांत गरिबांची मुलं इतकी कमी, की त्यांतल्या काही ठिकाणी सर्वांत श्रीमंत एक टक्क्यांतली मुलं खालच्या साठ टक्क्यांतल्या मुलांपेक्षा जास्त होती. तळातल्या मुलांना सर्वांत मोठ्या संख्येने वर नेणारी कॉलेजं निघाली ती लॉस एंजेलिसचं राज्य विद्यापीठ किंवा न्यूयॉर्कचं शहर विद्यापीठ यांसारखी, सरकारी, मध्यम दर्जाची, ट्रेनने-बसने येणाऱ्या मुलांची. आणि एकदा एकाच कॉलेजातून बाहेर पडल्यावर गरीब घरच्या आणि श्रीमंत घरच्या मुलांच्या कमाईत फारसा फरक उरत नव्हता. हे वाचून मला परळ, वडाळा, दादरची आपली साधी कॉलेजं आठवली. पेपरात ज्यांच्या कट-ऑफची बातमी येत नाही, ती. गिरणगावाला वर आणलं ते त्यांनीच.

आमच्या घराचंच सांगते. माझ्या पगारावर धाकट्या बहिणीचं डी.एड. झालं. दादाची मुलगी, माझी भाची, आमच्या खानदानातली पहिली एम.कॉम., आज एका विमा कंपनीत अधिकारी आहे. तिचे सगळे फॉर्म मी भरले.

तिचा भाऊ मात्र एस.वाय.ला, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, असताना सुटला. त्याला कुणी नापास केलं नव्हतं. मित्राने त्याला पार्सल पोचवण्याच्या कामावर नेलं. पहिल्या महिन्याला हातात पैसे आले, बाईकचा हप्ता सुरू झाला, सकाळच्या पाळीमुळे तास बुडू लागले, ७५ टक्के हजेरी भरली नाही आणि परीक्षेला बसता आलं नाही. मी कॉलेजात कामाला असून माझ्या घरात हे झालं, याचं दुःख मला आजही आहे. १९८० मध्ये दादाला जॉबर भेटला, याला मोबाइलवरचं अॅप भेटलं. दोघांनाही ऐन शिकायच्या वयात रोख पैसा समोर दिसला. आज कॉलेज सोडणाऱ्यांत मुलगे का जास्त दिसतात, हे मला यावरून समजतं. यावर उपदेशाचा उपयोग नाही. त्याच्या कामाची वेळ आणि कॉलेजची वेळ जुळली असती तर तो टिकला असता, असं मला मनापासून वाटतं, कारण मी तशीच टिकले.

नव्या शैक्षणिक धोरणात मधेच बाहेर पडण्याची सोय आहे. एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, मिळवलेले क्रेडिट जमा राहतात आणि पुन्हा येता येतं. कागदावर हे आमच्या मुलांसाठीच केल्यासारखं वाटतं. पण बाहेर पडण्याचं दार सगळ्यांना दिसेल, परत येण्याचं दार कोण दाखवणार? ते काम कॉलेजच्या कार्यालयाचं आहे, आणि कार्यालयांत भरती थांबलेली आहे. मी निवृत्त झाले तेव्हा आमच्या सहा टेबलांपैकी तीन रिकामी होती. कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती येते, ती ग्रंथालय बघते, प्रयोगशाळा बघते, संशोधन बघते. खिडकीवर कोण बसलंय आणि तो मुलांशी कसा बोलतो हेही तिने पाहावं. आणि प्राचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे, सकाळचे वर्ग संख्या कमी आहे म्हणून बंद करू नका. त्या वर्गात वीस मुलं असली तरी ती वीस घरं असतात.

भाच्याने गेल्या वर्षी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातलं. १९८९ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ, त्याच्या अभ्यास केंद्रावर सुट्टीच्या दिवशी तास होतात. तो आता सत्तावीस वर्षांचा आहे, अंगावर अजून तेच काम आहे. माझी दोन बाजूंची वही मी त्याला दिली. त्याने तिचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवले आणि वही मला परत केली.

आमच्या चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, आत संडास, आणि बंद करता येईल असं दार असलेली वेगळी खोली. तिथे वाढणाऱ्या पोरांना गॅलरीतल्या दिव्याखाली जागा धरावी लागणार नाही. फॉर्म मात्र त्यांनाही भरावेच लागतील.

दहावी-बारावीचे निकाल लागले की जून-जुलैमध्ये दर शनिवारी संध्याकाळी मी चाळीतल्या मुलांचे फॉर्म भरायला बसते. वाचणाऱ्यांपैकी जे कुणी बँकेतून, शाळा-कॉलेजातून, कुठल्याही कचेरीतून निवृत्त झाले असतील, त्यांनी आपापल्या वस्तीत असंच बसावं. घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना, सोसायटीच्या वॉचमनला एवढंच विचारा, मुलाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला का? भरला नसेल तर मुलाला घेऊन यायला सांगा. येताना शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक आणि या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला आणायचा, मूळ प्रती आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.